काट्यावरचे कार्ड काय सांगते?



काही कारखान्यांच्या वजनकाट्यावर आता कार्ड दाखवून उसाची खेप नोंदतात. 'कार्डात वजन असते का?' असे सभासद विचारतात, म्हणून आम्ही थोडक्यात सांगतो. वजन काटाच करतो. कार्ड फक्त आपला क्रमांक सांगते. ठाण्याला कोलशेतकडे राहणाऱ्या आपल्या मुलांच्या मोटारीवरचा फास्टॅग याच जातीचा. तो काही मीटरवरून वाचला जातो, हे कार्ड दोन-चार बोटांवरून.

साध्या कार्डात बॅटरी नसते. वाचकयंत्र १३.५६ मेगाहर्ट्झच्या लहरी सोडते, त्यांच्याच जोरावर कार्ड जागे होते. क्रमांक मायक्रोकंट्रोलर, म्हणजे छोटा हिशेबनीस, उचलतो आणि संगणकाला देतो.

या दोघांची जोडणी चुकली की घोटाळा होतो. आयटीआयला जाणाऱ्या मुलांनी लक्षात ठेवावे : आरसी ५२२ वाचकयंत्र ३.३ व्होल्टचे आहे. आर्डुइनो उनोवर ३.३ ची वेगळी जागा असते, तिथेच जोडावे. ५ वर जोडल्यास जळू शकते. मग यंत्राचा आवृत्ती-क्रमांक वाचावा. ९१ किंवा ९२ आला तर ठीक; ०० किंवा एफएफ आला तर तारा तपासाव्यात. कार्ड ट्रॉलीच्या पत्र्याला चिकटवू नये, लोखंडावर ते मुके होते.

साध्या कार्डाची नक्कलही होऊ शकते. तेव्हा कार्ड वाहनचालकाकडे असले तरी काटापावतीवरचे नाव, गट नंबर आणि वजन सभासदाने त्याच दिवशी पाहावे. खेप दुसऱ्याच्या नावे पडल्याचे बिलाच्या वेळी कळले, तर तोवर ऊस गाळला गेलेला असतो.