मुलाला पोळी सोसत नसेल तर?

मूल जेवते, पण अंग धरत नाही. पोट फुगलेले, हातपाय काड्यांसारखे, चेहरा फिक्का. शौचाला पातळ होते, तेही महिनोन्‌महिने. अशा लेकराला आपण आधी जंताचे औषध देतो, मग टॉनिक, मधूनच दृष्टही काढून टाकतो. लोहाच्या गोळ्या सुरू होतात, पण रक्त काही वाढत नाही. मैत्रिणींनो, अशा वेळी एक शंका मनात यायला हवी. पौष्टिक म्हणून आपण जी पोळी आग्रहाने वाढतो, तीच तर याला सोसत नसेल?

या दुखण्याला डॉक्टर सिलिअ‍ॅक म्हणतात. गव्हात आणि जवात ग्लुटेन नावाचे प्रथिन असते. कणीक भिजवली की तिला जो चिवटपणा येतो, तो याचाच. ज्वारीत ते नाही, म्हणून तर भाकर थापावी लागते! काही जणांच्या शरीराला हे ग्लुटेन शत्रू वाटते आणि त्याच्याशी लढताना शरीर स्वतःच्याच लहान आतड्याला इजा करते. आतड्याच्या आतून मखमलीसारखी बारीक लव असते, ती अन्नरस शोषून घेते. ती लवच झडून सपाट झाली, तर वरून कितीही तूप-बदाम घाला, अंगी कसे लागणार?

हे लहान मुलांचेच दुखणे आहे असे मात्र समजू नका. मोठ्या बाईला जुलाब मुळीच नसतील. नुसता न हटणारा रक्तक्षय असेल, हाडे ठिसूळ झाली असतील, दिवस राहत नसतील किंवा राहून पुन्हा पुन्हा गर्भपात होत असेल. मुलींना पाळी उशिरा येते. ‘बायकांना अशक्तपणा असायचाच’ म्हणून आपण सोडून देतो, हे मला काही पटत नाही.

गव्हाचा हा दोष ओळखला हॉलंडमधल्या विलेम डिके या बालरोगतज्ज्ञांनी. त्यांना आधीपासून संशय होताच. १९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्धामुळे तिथे दुष्काळ पडला, पाव मिळेना, आणि नवल असे की ही आजारी मुले उलट सुधारली. पाव परत आला तशी पुन्हा खालावली. १९५० साली त्यांनी आपल्या प्रबंधात हे सारे मांडले.

आपल्या देशात, उत्तरेकडे जिथे तिन्ही त्रिकाळ गहू खातात, तिथे झालेल्या पाहण्यांत शंभरात सुमारे एकाला हा आजार आढळला. दक्षिणेत त्याहून पुष्कळ कमी. आपला यवतमाळ जिल्हा मुळात ज्वारीचा. भाकर, कण्या, आंबील यांवर आपल्या आज्या-पणज्या जगल्या. आता रेशनवर गहू मिळतो, आणि पाहुण्यापुढे भाकर ठेवायची आपल्याला लाज वाटते. मी शाळेत अर्धवेळ शिकवते, तिथे पाहते ना, भाकर आणणारी मुलगी डबा झाकून खाते. ज्या मुलीचे औषधच भाकर आहे, तिने काय करावे?

गहू खाल्ल्याबरोबर अंगावर पित्त उठले, ओठ सुजले, धाप लागली, तर ती गव्हाची अ‍ॅलर्जी; ते प्रकरण वेगळे. तिथे वेळ न घालवता दवाखाना गाठावा. काहींना दोन्हींपैकी काही नसूनही गव्हाने पोट जड होते. म्हणून निदान घरच्या घरी करू नये.

आणि इथे एक गोष्ट अगदी पक्की लक्षात ठेवा : तपासणीआधी गहू बंद करू नका! बंद केला तर आतडे भरून येऊ लागते आणि तपासणीत काहीच सापडत नाही. आधी टीटीजी नावाची रक्ततपासणी होते. तीत दोष दिसला तर दुर्बिणीने आतड्याचा छोटा तुकडा काढून बहुधा खात्री करतात. यासाठी नागपूर किंवा सेवाग्राम गाठावे लागले तरी जावे. कारण एकदा निदान झाले की पथ्य जन्माचे. त्यावर गोळी नाही. बारीक होण्यासाठी म्हणून गहू सोडण्याची जी हौस हल्ली निघाली आहे, तिच्याशी याचा संबंध नाही.

पथ्य तरी किती कडक! रोज एका पोळीचा पन्नासावा भाग पोटात गेला तरी काही महिन्यांत आतडे पुन्हा बिघडू शकते. तेव्हा ‘चिमूटभर प्रसादाने काय होते?’ असे सासूबाई म्हणाल्या तर त्यांना हे शांतपणे सांगा. सत्यनारायणाचा शिरा रव्याचा, आणि रवा म्हणजे गहूच. या लेकरासाठी केळे बाजूला ठेवावे. मैदा, शेवया, दलिया, बिस्किटे, पाव, सातूचे पीठ हे तर गेलेच. शिवाय दुधात घालायच्या पुष्कळ पावडरींत जवाचे माल्ट असते. डबीतल्या हिंगातही बरेचदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते, तेव्हा वेष्टन वाचल्याशिवाय घेऊ नका.

खरी फजिती होते चक्कीवर. आपल्याआधी कोणीतरी गहू दळून गेलेली असते आणि तेच पीठ आपल्या ज्वारीत उतरते. नुसती चक्की झटकून भागत नाही. जमल्यास घरगुती चक्की घ्यावी आणि तीत गहू कधीच घालू नये. नाहीतर घरचे जाते आहेच. डबा, चाळणी, परात, तवा वेगळे ठेवावेत. सगळ्या घरानेच भाकर खाल्ली तर निम्मा व्याप वाचतो, असे माझे मत.

खायला पुष्कळ आहे हो. तांदूळ, बाजरी, मका, सगळ्या डाळी, बेसनाच्या पातोड्या, आणि उपासाची भगर, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा. थालिपिठाच्या भाजणीतून गहू वगळा. दिवाळीत करंजी-शंकरपाळी नाही, पण अनारसे, बेसनाचे लाडू, पोह्यांचा चिवडा आणि तांदळाच्या भाजणीची चकली आहे. पुरण तर वाटीत घालून तुपाबरोबरही छान लागते.

मुलीचे लग्न जमवताना हे लपवू नये. सासरी पहिल्याच दिवशी तिच्या पानात पोळी पडेल आणि नव्या नवरीला नाही म्हणता येणार नाही.

घरात एकाला हा आजार निघाला, तर आईवडील आणि भावंडांचीही रक्ततपासणी करून घ्या, त्यांची काही तक्रार नसली तरीही.