विश्लेषण : ल्युकेमियाच्या रिपोर्टमधला 'आयकेझेडएफ१' नेमका काय सांगतो?

लहान मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग म्हणजे अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, थोडक्यात 'एएलएल'. निदानानंतरच्या जनुकीय रिपोर्टमध्ये 'आयकेझेडएफ१ डिलीशन' असं दिसलं, की पालक आधी गुगल करतात. तिथे घाबरवणारं बरंच सापडतं, समजावणारं कमी.

जनुकाचं काम काय?

सातव्या गुणसूत्रावरच्या या जनुकापासून 'इकारोस' हे प्रथिन बनतं. ते डीएनएवर बसून कोणती जनुकं चालू आणि कोणती बंद, हे ठरवतं. अशा प्रथिनांना ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर म्हणतात. चाकणच्या असेंब्ली लाइनवरचा सुपरवायझर आठवा. रोगांशी लढणाऱ्या बी पेशी बोन मॅरोमध्ये टप्प्याटप्प्याने तयार होतात आणि त्यांना पुढच्या टप्प्यावर न्यायचं काम इकारोस करतं. ते नसेल तर अर्धवट पेशी तिथेच अडकतात आणि नुसत्या वाढत राहतात.

एक प्रकार तर आणखी विचित्र. जनुकाचा मधला तुकडा (एक्सॉन ४ ते ७) गळाला, तर 'आयके६' हे तोकडं प्रथिन बनतं. त्याला डीएनए पकडता येत नाही, पण चांगल्या इकारोसशी जोडी जमवून ते त्यालाही निकामी करतं. म्हणजे जनुकाची दुसरी प्रत शाबूत असूनही फारसा उपयोग नाही!

धोका किती?

अमेरिकेतील सेंट ज्यूड रुग्णालयाच्या चार्ल्स मुलिघन यांच्या गटाने २००८ मध्ये दाखवलं, की 'फिलाडेल्फिया गुणसूत्र' असलेल्या एएलएलच्या ८० टक्क्यांहून अधिक रुग्णांत हा बिघाड असतो. २००९ मध्ये त्याचा संबंध आजार उलटण्याशी जोडला गेला. मात्र एवढ्या एका ओळीवर सगळं ठरत नाही. सुरुवातीच्या केमोनंतर किती कर्कपेशी उरल्या, म्हणजे 'एमआरडी', हेही तितकंच महत्त्वाचं.

आणि हो, हा बदल बहुतेक वेळा फक्त आजारी पेशींमध्येच घडलेला असतो. 'कोणाच्या घराण्यातून आलं?' हा वाद त्यामुळे बहुधा निरर्थक. जन्मतः हा बदल असणारी कुटुंबं दुर्मीळ आहेत.

आजार उलटला तर?

आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी विकसित केलेल्या 'नेक्सकार१९' या कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. रुग्णाच्याच टी पेशींना कर्कपेशींवरचं 'सीडी१९' ओळखायला शिकवलं जातं. ही मंजुरी १५ वर्षं व त्यावरील रुग्णांसाठी होती.

ओपीडीत जाताना तीन प्रश्न लिहून न्या : फिलाडेल्फियाची चाचणी झाली का? एमआरडी किती? या रिपोर्टमुळे रिस्क ग्रुप बदलला का?