गोवळकोंड्याची टाळी आणि घरातला वायफाय

गोवळकोंडा किल्ल्यात बाला हिसार दरवाजाच्या घुमटाखाली गाईड टाळी वाजवतो आणि ती जवळजवळ एक किलोमीटर दूर, टेकडीच्या माथ्यावरच्या बारादरीत ऐकू येते. हैदराबादेत पाहुणे आले की हे दाखवावंच लागतं. या टाळीचं घरातल्या राऊटरशी नातं आहे, ते मात्र कुठला गाईड सांगत नाही. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ लहरीची लांबी साडेबारा सेंटीमीटर. सेकंदाला सुमारे २,७०० कंपनं असलेल्या आवाजाची हवेतली लांबीही तेवढीच, आणि टाळीचा कडकपणा साधारण याच सुरांतून येतो. एक लहर प्रकाशाच्या वेगाने धावते, दुसरी तिच्यापेक्षा जवळपास नऊ लाख पटींनी हळू. पण माप सारखं असल्यामुळे कोपऱ्याला वळसा घालायचे, भिंतीवर आपटून परतायचे आणि दाराच्या फटीतून पसरायचे नियम दोघींचे बरेचसे सारखेच. बेडरूममधून मारलेली हाक स्वयंपाकघरात कशी पोचते, याचा विचार केला तरी वायफायचं निम्मं कोडं उलगडतं.

उरलेलं निम्मं भिंतीच्या पोटात आहे. हैदराबादच्या गच्चीबावली, कोंडापूर, मणिकोंडा भागातल्या नव्या टॉवरांत विटा फारशा दिसत नाहीत. ॲल्युमिनियमच्या साच्यात अख्ख्या भिंती काँक्रीटने ओततात. लोक त्याला ‘मायवान’ म्हणतात. चार इंची विटेची भिंत लहरीची निम्म्याच्या आसपास शक्ती पलीकडे जाऊ देते. तीच भिंत सहा इंची काँक्रीटची असली, तर २.४ गिगाहर्ट्झचा ढोबळमानाने विसावा भाग पलीकडे जातो आणि ५ गिगाहर्ट्झचा जेमतेम शंभरावा. दोन भिंती ओलांडायच्या तर शंभराव्याचा शंभरावा. हॉलमध्ये धावणारं इंटरनेट शेवटच्या खोलीत का दम तोडतं, ते इथे कळतं.

तरीही फोन बऱ्याचदा चालतो, ही खरी नवलाची गोष्ट. राऊटर हवेत सोडतो ती शक्ती साधारण एक दशांश वॉट. फोनवर सिग्नलच्या सगळ्या कांड्या भरलेल्या दिसतात, तेव्हा त्याच्या हाती आलेला असतो त्यातला दहा कोटींतला एक भाग. एवढ्याशा कुजबुजीतून तो सिनेमा उभा करतो.

ही कुजबुज एकदाच ऐकू येत नाही, हीच वायफायची जुनी डोकेदुखी. एक लहर सरळ येते, दुसरी कपाटावर आपटून, तिसरी छतावरून. एकाच शब्दाचे चार प्रतिध्वनी एकमेकांवर चढतात. पुढे ऑस्ट्रेलियात सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेत काम केलेले जॉन ओ’सुलिव्हन यांनी १९७०च्या दशकात स्फोट पावणाऱ्या इवल्या कृष्णविवरांचे रेडिओ-ठोके आकाशात शोधले होते. ते सापडले नाहीत. पण विस्कटलेल्या लहरी सावरायचं गणित हाताशी राहिलं, आणि १९९०च्या दशकात त्यांच्या गटाने ते घरातल्या प्रतिध्वनींवर चालवलं. माहितीचा एक वेगवान प्रवाह पाठवण्याऐवजी तो अनेक संथ प्रवाहांत वाटायचा. १९९९च्या वायफाय प्रमाणकात असे ५२ प्रवाह आहेत, आणि प्रत्येक चिन्हाआधी, म्हणजे माहितीच्या प्रत्येक तुकड्याआधी, ०.८ मायक्रोसेकंदाची उसंत. तेवढ्यात लहर २४० मीटर जाते. म्हणजे तुमच्या थ्री-बीएचकेतले सगळे प्रतिध्वनी पुढचं चिन्ह सुरू होण्याआधीच येऊन विरतात.

पुढची उडी आपल्याकडच्या माणसांची. भारतीय नौदलातले आरोग्यस्वामी पॉलराज यांची अनेक वर्षं पाण्याखालचे प्रतिध्वनी ऐकण्यात गेली. नौदलाची ‘अपसोह’ ही सोनार यंत्रणा त्यांच्याच नेतृत्वाखाली तयार झाली. नंतर ते स्टॅनफर्डला गेले. तिथे त्यांच्यासोबत होते थॉमस कैलाथ, जन्म पुण्याचा, इंजिनिअरिंगही पुण्याच्या कॉलेजातलं. दोघांच्या नावावर १९९४चं अमेरिकन पेटंट आहे. त्यातली कल्पना आजही थक्क करते: प्रतिध्वनींशी भांडूच नका, त्यांना कामाला लावा. दोन अँटेनांनी एकाच वेळी, एकाच फ्रिक्वेन्सीवर दोन वेगळ्या गोष्टी बोलायच्या. भिंतींवर आपटून दोघांच्या वाटा वेगळ्या होतात, म्हणून पलीकडच्या दोन अँटेनांना गणिताने ते आवाज सुटे करता येतात. २००९मध्ये ही युक्ती वायफायच्या प्रमाणकात आली. राऊटरवरची ती शिंगं शोभेची नाहीत. आणि भिंतीला मी सरसकट शत्रू म्हणत नाही, तेही याच कारणाने.

शिवाय भिंत शेजाऱ्यालाही अडवते. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांना धक्का न देणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. टॉवरमधली वीस घरं त्यांतच दाटीवाटीने बसतात. त्यात कुणी मायक्रोवेव्हमध्ये कालची बिर्याणी गरम करायला घेतली, की त्या मायक्रोवेव्हचाही गोंगाट याच पट्ट्यात. ५ गिगाहर्ट्झची जागा ऐसपैस आहे. ऑक्टोबर २०१८मध्ये केंद्र सरकारने तिथला ६०५ मेगाहर्ट्झचा पट्टा विनापरवाना वापराला खुला केला. जी लहर काँक्रीट ओलांडत नाही, ती शेजाऱ्याच्या घरातूनही फारशी येत नाही. ज्या खोलीत राऊटर, तिथे ५ गिगाहर्ट्झसारखं सुख नाही.

मग इलाज काय? खोलीखोलीत राऊटर, आणि त्यांना जोडणारी तार. बिनतारी वेगाचं रहस्य तारेत आहे, हे ऐकायला विचित्र वाटतं खरं. स्वस्तातला रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्याच रेडिओवर पुन्हा बोलतो, म्हणून वेग निम्म्यावर येतो. मेशचे डबे जास्त शहाणे असतात, पण काँक्रीटपलीकडे त्यांनाही एकमेकांचं ऐकू यायला हवं. बिल्डरने भिंतीत टेलिफोनसाठी घातलेल्या पाइपातून कॅट-सिक्स केबल ओढून घ्या आणि तिच्या टोकाला दुसरा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय पसरवणारा डबा, लावा. वायफायचं नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे एकच ठेवा. सामान सिकंदराबादला पार्कलेनच्या सीटीसी या बाजारात मिळतं.

तार जोडणाऱ्याच्या हाताकडे मात्र लक्ष ठेवा. केबलमध्ये आठ बारीक तारा असतात, चार जोड्या. घाईतला माणूस नारिंगी आणि हिरवी जोडी १, २, ३, ६ या खाचांत बसवतो, निळी आणि तपकिरी कापून टाकतो. इंटरनेट चालू होतं, तो निघून जातो. पण चार तारांवर १०० एमबीपीएसच्या वर काही जात नाही. हजाराला आठही लागतात. २०१७ साली ॲक्ट फायबरनेटने एक गिगाबिटची घरगुती जोडणी आणली ती हैदराबादेतच. तेवढ्या वेगाचे पैसे भरून दोन कापलेल्या जोड्यांपाशी अडून बसणं म्हणजे शुद्ध नुकसान.

वेग अडकायची दुसरी जागा मुख्य दाराजवळची. नव्या फ्लॅटांत विजेच्या डीबीशेजारी पत्र्याचा एक कप्पा असतो, फायबर तिथे येऊन थांबतं. दिसायला नीटनेटकं म्हणून राऊटरही त्यातच कोंबतात आणि वरून झाकण लावतात. पत्र्यातून रेडिओ लहर जात नाही. जी बाहेर पडते ती फटींतून.

तेव्हा मोठा प्लॅन किंवा नवा राऊटर घेण्याआधी एवढं करा: डबा कप्प्यातून काढून घराच्या मध्यावर, डोक्याच्या उंचीवर ठेवा, आणि राऊटरच्या सेटिंगच्या पानावर पोर्टचा वेग १०० दिसतो की १०००, ते बघा. १०० दिसला, तर आधी केबलची दोन्ही टोकं आठही तारांनिशी नव्याने क्रिम्प करून घ्या.