आधी निवडा, मग हुकूम सोडा

कंट्रोल-सी आणि कंट्रोल-व्ही कुणाला सांगावं लागत नाही. पण मजकूर निवडायची वेळ आली की हात माउसकडे जातो, ओढताना एखादी वेलांटी निसटते किंवा खालची ओळही सोबत येते. खरी बचत निवडण्यात आहे, आणि तिकडे आपण लक्षच देत नाही.

1970च्या दशकात झेरॉक्सच्या पालो अल्टो इथल्या संशोधन केंद्रात मजकूर लिहिण्याचा ‘ब्राव्हो’ नावाचा प्रोग्रॅम होता. त्यात हुकूम देण्याची अवस्था वेगळी आणि टाइप करण्याची वेगळी. हुकमाच्या अवस्थेत चुकून ‘एडिट’ हा शब्द टाइप झाला, तर ‘ई’ने सगळा मजकूर निवडला जाई, ‘डी’ने पुसला जाई, ‘आय’ने नवं लिहिण्याची अवस्था सुरू होई आणि पडद्यावर उरे फक्त ‘टी’. तिथले संशोधक लॅरी टेस्लर यांचा या वेगवेगळ्या अवस्थांना ठाम विरोध होता. टिम मॉट यांच्यासोबत त्यांनी ‘जिप्सी’ बनवला. त्यात कळ दाबली की अक्षरच उमटे; मजकूर निवडायचा आणि मग कट, कॉपी, पेस्ट. आपण आजही त्याच वाटेनं चालतो.

वर्डमध्ये कंट्रोल आणि शिफ्ट धरून उजवा बाण दाबला की एकेक शब्द निवडला जातो; शिफ्ट-एंडने ओळीच्या शेवटापर्यंत. मला सर्वांत मोलाची वाटते ती ऑल्ट-शिफ्ट आणि वरचा किंवा खालचा बाण ही जोडी: कर्सर असलेला आख्खा परिच्छेद वर-खाली सरकतो, कट-पेस्ट न करता. लेखाची मांडणी बदलताना हिच्याइतकं उपयोगी काही नाही. विंडोज-व्हीने आधी कॉपी केलेले तुकडेही समोर येतात. ही सोय एकदा सुरू करावी लागते. शिफ्ट-एफ3 मात्र इंग्रजीची लहान-मोठी अक्षरं बदलते, देवनागरीत तिला काम नाही.

देवनागरीचा पेच वेगळाच आहे. ‘स्त्री’ आपल्याला एक अक्षर दिसतं, पण कॉम्प्युटरच्या लेखी ती सहा चिन्हं: स, हलन्त, त, हलन्त, र आणि वेलांटी. म्हणून बॅकस्पेस एकदा दाबला तर बहुतेक ठिकाणी फक्त वेलांटी जाते, ‘स्त्र’ उरतो. बाणाने पुढे जाताना मात्र काही प्रोग्रॅम पूर्ण जोडाक्षर ओलांडतात, काही मध्येच थांबतात. देवनागरी जोडाक्षर एकसंध मानण्याचा नियम युनिकोडच्या मूळ नियमावलीत आला तो थेट 2023मध्ये, 15.1 आवृत्तीत. प्रत्येक प्रोग्रॅमने तो अंगीकारेपर्यंत मराठी मजकूर अक्षराअक्षराने न निवडता शब्दाशब्दाने निवडावा.