नियमाला द्यायची तयार उत्तरे

प्रदूषणाच्या नियमाची नोटीस आली की बडे कारखानदार घाबरतात. आम्ही म्हणतो, शेठ, घाबरता कशाला? उत्तरे नव्याने शोधावी लागत नाहीत. अमेरिकेत ती शंभर वर्षांपूर्वीच घडवून ठेवली आहेत.

१९२१ साली जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत टॉमस मिजली यांना आढळले की पेट्रोलमध्ये शिशाचे एक संयुग किंचित मिसळले की इंजिनाचे ठोके थांबतात. शिसे विष आहे हे तेव्हाही जगजाहीर होते. म्हणून पहिला उपाय नावाचा. मालाचे नाव ठेवले 'इथाइल', म्हणजे शिसे हा शब्दच पाटीवरून गेला. मद्यार्क मिसळूनही ठोके थांबतात हे त्याच मंडळींना ठाऊक होते. पण मद्यार्क कोणीही गाळू शकतो, त्यात मक्तेदारी कसली? अशा वेळी 'दुसरा मार्गच नाही' म्हणायचे असते.

ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील स्टँडर्ड ऑइलच्या कारखान्यात हे संयुग हाताळणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मरण पावले. तीसहून अधिक रुग्णालयात गेले. कंपनीकडून खुलासा झाला की ते फार काम केल्यामुळे वेडे झाले असावेत. म्हणजे दोष मालाचा नव्हे, कामगाराच्या मेहनतीचा! त्याच महिन्यात मिजली यांनी पत्रकारांसमोर त्या द्रवाने हात धुऊन दाखवले. आदल्याच वर्षी ते स्वतः शिशाच्या बाधेमुळे फ्लोरिडात विश्रांतीला गेले होते.

१९२५ च्या वॉशिंग्टन परिषदेत डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी कडाडून विरोध केला. कंपनीच्या फ्रँक हॉवर्ड यांनी मात्र हा पदार्थ ईश्वरी देणगीच ठरवला. नेमत खुदाची, पेटंट कंपनीचे! तौबा.

पण सर्वांत टिकाऊ उत्तर म्हणजे 'आधी नुकसान सिद्ध करा'. डॉ. रॉबर्ट केहो ते अनेक दशके देत राहिले: शिसे माणसाच्या शरीरात निसर्गतःच असते, अमुक पातळीखाली धोका नाही. त्यांच्या प्रयोगशाळेला पैसा याच उद्योगाचा होता. तराजू आपला आणि वजनमापाचा निरीक्षकही आपलाच, असा धंदा कोणाला आवडणार नाही? १९६५ साली क्लेअर पॅटरसन यांनी लिहिले की आजच्या माणसाच्या अंगातील शिसे नैसर्गिक प्रमाणाच्या कितीतरी पट आहे. तरीही अमेरिकेत रस्त्यावरील वाहनांसाठी पूर्ण बंदी यायला १९९६ उजाडले. आपल्याकडे १ फेब्रुवारी २०००. शेवटचा देश अल्जीरिया, २०२१.

तोवर आपल्या गॅरेजांतली पोरे सुटे भाग त्याच पेट्रोलने धूत होती, आणि हातही. शिशाचा मार सर्वांत जास्त मुलांच्या मेंदूवर बसतो. त्या पोरांचे रक्त कोण तपासणार होते?

आता 'गरीब कारागीर मरेल' हे उत्तर चलनात आहे. लहान रंगारी किंवा चामडे कमावणारा एकटा सांडपाणी शुद्धीकरणाचे यंत्र बसवू शकत नाही, हे खरेच आहे. आम्ही ते नाकारत नाही. म्हणून संयुक्त प्रक्रिया केंद्र मागा, कर्ज मागा, मुदत मागा. पण बडा कारखानदार तुमच्या नावाचे निवेदन लिहून सहीला आणील, तेव्हा एवढे विचारा: शेठ, पाण्याचा नमुना कोणी घेतला, आणि तपासणीचे बिल कोणी भरले?