खैरलांजी : खून सिद्ध झाले, जात गहाळ झाली

लेखांक सहावा

गेल्या आठवड्याचा लेख वाचून चारकोपच्या एका वाचकाने विचारलं, ही लेखमाला दडपलेल्या हत्यांविषयी आहे ना, मग तिच्यात खैरलांजी कशाला? ते नाव तर सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे.

नाव ठाऊक आहे, हे खरं. पण कांदिवली-बोरिवलीकडच्या बहुतेकांच्या कानावर ते आलं कधी, हे आठवून पाहावं. ३० नोव्हेंबर २००६ रोजी उल्हासनगरजवळ डेक्कन क्वीनचे डबे पेटवले गेले. ताजं निमित्त कानपुरातल्या डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याच्या विटंबनेचं होतं. त्यामागे विदर्भात महिनाभर धुमसत असलेला संताप होता. गाडी जळाली तेव्हा मुंबईने चौकशी केली. भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना मारून तोवर दोन महिने उलटले होते. आणि आज नाव माहीत असलेल्यांना विचारलं, की न्यायालयाच्या निकालात या चार खुनांचं कारण काय नोंदलं आहे, तर फारच थोडे जण सांगू शकतील. लपलं आहे ते तिथे.

आधी घटना. खैरलांजी हे भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यातलं लहानसं गाव. वस्ती मुख्यतः ओबीसी समाजांची, बौद्धांची घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यातलं एक घर भैयालाल आणि सुरेखा भोतमांगे यांचं. त्यांची स्वतःची शेती होती, मुलं शिकत होती. प्रियंका बारावीत होती, एनसीसीत होती. पाच एकरांच्या आसपास जमीन असलेल्या या कुटुंबाचं घर मात्र कच्चंच राहिलं, कारण पक्कं बांधायला गावातून विरोध होता. शेतातून रस्ता काढण्यावरून भांडण वर्षानुवर्षं चाललं होतं. सुरेखाबाई दबून राहणाऱ्या नव्हत्या. तक्रार करायची वेळ आली की त्या करत.

धुसाळा गावचे पोलीस पाटील सिद्धार्थ गजभिये हे त्यांचे नात्यातले भाऊ. जमिनीच्या तंट्यात ते बहिणीच्या बाजूने उभे राहत. ३ सप्टेंबर २००६ रोजी त्यांना जबर मारहाण झाली. मारणारे कोण, हे सुरेखाबाई आणि प्रियंकाने पोलिसांना सांगितलं, ओळख पटवली. २९ सप्टेंबरला त्या आरोपींना जामीन मिळाला. त्याच दिवशी संध्याकाळी जमाव भोतमांग्यांच्या घरावर आला.

सुरेखा, प्रियंका, सुधीर आणि रोशन यांना घरातून ओढून बाहेर काढलं आणि मारून टाकलं. शेतावरून परतणाऱ्या भैयालाल यांनी दुरून, आडोशाला लपून ते पाहिलं. एकट्याने पुढे जाऊन काही उपयोग नव्हता. ते धुसाळ्याकडे पळाले, आंधळगाव पोलीस ठाण्याला फोन गेले. वेळेत मदत आली नाही. दुसऱ्या दिवशी कालव्यात प्रियंकाचा मृतदेह सापडला, त्यानंतर बाकीचे तिघे. त्या देहांचं वर्णन मी इथे करणार नाही. ते अनेकांनी केलं आहे आणि त्याने या माणसांविषयीची आपली जाण तसूभरही वाढत नाही.

आता दडपणं कसं घडतं ते पाहू. ते एका माणसाने एका दिवसात केलेलं नाही.

पहिला थर बातमीचा. हत्या झाल्यावर गावातून जी गोष्ट बाहेर पडली, ती अनैतिक संबंधांची होती. सुरेखाबाई आणि सिद्धार्थ गजभिये यांच्या नात्यावरून गाव चिडलं, असं सांगण्यात आलं, आणि सुरुवातीच्या बातम्यांनी ते तसंच छापलं. भैयालाल सांगत राहिले की ते माझ्या बायकोचे भाऊ आहेत. पण बाईच्या चारित्र्याचा विषय निघाला की ऐकणाऱ्याची निम्मी सहानुभूती तिथेच आटते, हे पसरवणाऱ्यांना बरोबर कळत होतं. याला केवळ बदनामी म्हणणं अपुरं आहे. जमीन, साक्ष आणि जात हे तिन्ही मुद्दे त्या एका आरोपाने झाकले गेले.

याच सुमारास, २ ऑक्टोबरला, नागपूरच्या दीक्षाभूमीवर धम्मदीक्षेचा पन्नासावा वर्धापनदिन होता. लाखो माणसं आली होती. भंडारा तिथून साठेक किलोमीटरवर. तरीही तीन दिवसांपूर्वीच्या या हत्याकांडाची राज्यभर चर्चा झाली नाही. ती सुरू झाली ऑक्टोबर सरता सरता, जेव्हा कार्यकर्त्यांनी गावात जाऊन सत्यशोधन अहवाल लिहिले, छायाचित्रं पत्रकांतून हातोहाती फिरली आणि मुंबईच्या इंग्रजी वृत्तपत्रांनी दखल घेतली. नोव्हेंबरमध्ये भंडारा, नागपूर, अमरावती, यवतमाळ इथे लोक रस्त्यावर आले. अमरावतीत पोलिसांच्या गोळीबारात एकाचा जीव गेला. तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी या आंदोलनामागे नक्षलवादी असल्याचा संशय व्यक्त केला. आपल्याच विदर्भातल्या चार खुनांबद्दल लोक चिडले आहेत, हे साधं कारण सरकारला पुरेसं वाटलं नाही, हे मला आजही अक्षम्य वाटतं.

दुसरा थर वैद्यकीय कागदाचा. प्रियंकाचं पहिलं शवविच्छेदन लैंगिक अत्याचाराच्या दृष्टीने नीट झालंच नाही, असा आक्षेप सत्यशोधन अहवालांनी घेतला. दुसऱ्यांदा तपासणी झाली तोवर मृतदेहाची अवस्था अशी होती की काही ठामपणे सांगणं शक्य नव्हतं. शरीरावरचा पुरावा काही तासांचा, फार तर काही दिवसांचा असतो. तो हुकला की पुढे कितीही मोठी यंत्रणा आणा, तिच्या हाती काही लागत नाही. राज्य सरकारने पोलीस आणि डॉक्टरांवर निलंबनाची कारवाई केली, तपास सीबीआयकडे गेला, डिसेंबरअखेर अकरा जणांवर आरोपपत्र दाखल झालं. त्यात बलात्काराचा आरोप नव्हता.

तिसरा थर कायद्याचा. तो सर्वांत कमी समजून घेतला गेला आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

भंडाऱ्याच्या न्यायालयाने सप्टेंबर २००८ मध्ये निकाल दिला. आठ जण दोषी, तीन निर्दोष. दोषींपैकी सहांना फाशी, दोघांना जन्मठेप. वृत्तपत्रांचे मथळे फाशीचे होते आणि अनेकांना न्याय झाला असं वाटलं. पण अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली, ज्याला आपण सगळे ॲट्रॉसिटी म्हणतो, त्याखाली कोणीही दोषी ठरलं नाही. विनयभंगाचा आरोपही टिकला नाही. जुलै २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून २५ वर्षांची कैद दिली आणि खुनांमागे जातीचा द्वेष नसून सूडाची भावना होती, असाच निष्कर्ष काढला.

सूड कशाचा? सुरेखाबाई आणि प्रियंकाने आरोपींविरुद्ध साक्ष दिली, याचा. इथवर न्यायालयाचं म्हणणं तर्काला धरून दिसतं. पण पुढचा प्रश्न विचारला गेला नाही : साक्ष दिली म्हणून अख्खं घर संपवण्याची हिंमत जमावाला कुठून आली? गावात पाठीशी माणसं असलेल्या एखाद्या कुटुंबाने हीच साक्ष दिली असती, तर जामिनावर सुटलेले लोक उघड्यावर, संध्याकाळच्या उजेडात असे चालून आले असते का? माझं उत्तर नाही असं आहे. इथे सूड आणि जात वेगळ्या करता येत नाहीत. सूड शक्य झाला तोच जातीमुळे.

न्यायालय तिथे का पोचलं नाही, याला कायद्याची तेव्हाची रचना मोठ्या प्रमाणात कारणीभूत होती. १९८९च्या कायद्याचं कलम ३(२)(५) सांगत होतं, की दहा वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेचा गुन्हा पीडित व्यक्ती अनुसूचित जाती-जमातीची आहे ‘या कारणावरून’ केलेला असेल, तर जन्मठेप. म्हणजे आरोपीच्या मनातलं कारण फिर्यादी पक्षाने सिद्ध करायचं. जमिनीचा वाद, जुनं भांडण, साक्षीचा राग असं दुसरं कुठलंही कारण दाखवता आलं, की जात बाजूला पडे. गावगाड्यात जातीय हल्ल्याला असं दुसरं कारण नसतंच असं कधी होतं का? पाणी, पांदण, गायरान, निवडणूक, प्रेम, काही ना काही निमित्त असतंच.

खैरलांजीसारख्या निकालांनी उघडं पाडलेलं हे भगदाड २०१५च्या दुरुस्तीने बुजवलं. ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. आता पीडित व्यक्ती अनुसूचित जाती-जमातीची आहे हे आरोपीला माहीत होतं, एवढं पुरतं. आरोपीची पीडिताशी किंवा त्याच्या कुटुंबाशी ओळख असेल, तर ही माहिती त्याला होती असं न्यायालयाने गृहीत धरायचं आहे. लहान गावात कोणाची जात कोणाला माहीत नसते? २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाटण जमाल वली खटल्यात स्पष्ट केलं, की एखाद्या बाईवरच्या अत्याचारात तिचं बाई असणं आणि तिची जात एकमेकांत गुंतलेली असू शकतात, त्यातलं एक काढून दुसरं मोजता येत नाही. पण खैरलांजीचा गुन्हा २००६चा असल्याने ही दुरुस्ती त्याला लागू होत नाही.

या घटनेची तुलना अमेरिकेतल्या वंशद्वेषी हत्यांशी पुष्कळदा झाली आहे. आनंद तेलतुंबडे यांनी २००८ मध्ये खैरलांजीवर लिहिलेल्या पुस्तकाचं इंग्रजी नाव बिली हॉलिडेने गायलेल्या लिंचिंगविरोधी गाण्यावरून घेतलं, ते उगाच नाही. १९५५ मध्ये मिसिसिपीच्या खेड्यात एमेट टिल या चौदा वर्षांच्या काळ्या मुलाला मारून नदीत टाकलं गेलं. निमित्त सांगितलं होतं गोऱ्या बाईशी गैरवर्तनाचं. पुन्हा तोच चारित्र्याचा पडदा. सगळ्या गोऱ्या ज्यूरीने तासाभरात आरोपींना सोडलं आणि पुढच्याच वर्षी त्यांनी एका मासिकाकडून पैसे घेऊन खुनाची कबुली दिली. एमेटच्या आईने मुलाची शवपेटी उघडी ठेवली, म्हणून जगाला ते कळलं. फरकही लक्षात ठेवायला हवा. तिथे अख्ख्या देशाला हा खून वंशद्वेषातून झाला हे मान्य करावं लागलं, आणि लिंचिंगविरोधी संघराज्य कायद्याला २०२२ मध्ये एमेटचं नाव दिलं गेलं. इथे आरोपींना शिक्षा झाली, पण खून जातीतून झाला हे निकालात लिहिलं गेलं नाही.

भैयालाल भोतमांगे भंडाऱ्यात राहायला आले. ॲट्रॉसिटी लागावी म्हणून ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २० जानेवारी २०१७ रोजी नागपुरात हृदयविकाराने त्यांचं निधन झालं, तेव्हा अपिलाचा निकाल लागलेला नव्हता.

म्हणून वाचकांना एक सांगणं. समतानगर असो, दामूनगर असो की तुमचं मूळ गाव, अशा प्रकरणात कोणाबरोबर पोलीस ठाण्यात जायची वेळ आली, तर जबाब लिहून झाल्यावर तो वाचून दाखवायला सांगा. ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम ४ प्रमाणे ते अधिकाऱ्याचं कर्तव्य आहे. एफआयआरची प्रत लगेच आणि मोफत मागून घ्या. आरोपी फिर्यादीला कधीपासून आणि कसा ओळखतो, कोणते शब्द वापरले गेले, हे पहिल्याच जबाबात येऊ द्या, नंतर सांगितलेलं न्यायालयात कमी मोलाचं ठरतं. आणि कलम १५अ विसरू नका : आरोपीच्या जामीन अर्जाची सूचना पीडिताला मिळालीच पाहिजे, त्याचं म्हणणं ऐकलं गेलंच पाहिजे. २९ सप्टेंबर २००६ रोजी हा हक्क कायद्यात नव्हता. आज आहे, तो मागा.