उपाशीपोटी साखर येते कुठून?

मंचर-नारायणगावच्या लॅबमध्ये सकाळी रक्त देऊन रिपोर्ट हातात पडला, की हमखास विचारलं जातं: रात्रीपासून पोटात काही नाही, मग शुगर वाढली कशी? प्रश्न रास्त आहे आणि उत्तर यकृतात आहे.

मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे ५ लिटर रक्त असतं. निरोगी माणसाच्या त्या सगळ्या रक्तात मिळून साखर जेमतेम ५ ग्रॅम, म्हणजे चमचाभर. मेंदूला ती अखंड लागते, म्हणून आपण झोपलो तरी यकृत थोडी थोडी साखर रक्तात सोडत राहतं. त्याला आवर घालायचं काम इन्शुलिनचं. यकृतात चरबी साठली की ते इन्शुलिनला जुमानत नाही आणि रात्रभर गरजेपेक्षा जास्त साखर सुटते. उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून मोठा आकडा पुन्हा तपासूनही आला, तर तो मधुमेह.

जेवल्यावरची बरीचशी साखर स्नायू उचलतात. इन्शुलिन स्नायूच्या पेशीला चिकटलं की आत दडलेली ग्लूट-४ नावाची प्रथिनं पेशीच्या आवरणावर येतात आणि ग्लुकोज आत घेतात. तिथे सहा कार्बनच्या त्या रेणूचे तीन-तीन कार्बनचे दोन तुकडे होतात, ते पुढे जळतात आणि त्यातून ताकद मिळते. उरलेलं ग्लायकोजेन होऊन साठतं. पण कणगी आधीच भरलेली आणि खर्च काही नाही, तर नवं धान्य ठेवणार कुठे?

मला सगळ्यात मोलाची वाटते ती गोष्ट अशी: राबणारा स्नायू इन्शुलिनची वाट पाहत नाही. तो आकसला की ग्लूट-४ आपसूक वर येतं. आहुपे, घाटघरकडे भाताच्या आवणीला दिवसभर चिखलात वाकणाऱ्या बाईच्या मांड्या-पोटऱ्या हेच करत असतात. पूर्वेकडे कुकडी-डिंभ्याचं पाणी आलं, ऊस आला, ट्रॅक्टर आले आणि बांधावरची चाल मोटारसायकलने खाल्ली.

‘मी तर काटकुळा, मला कशाची शुगर?’ या समजावर मात्र विसंबू नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२! २००४ साली ‘लॅन्सेट’ने दोघांचा फोटो या आकड्यांसह छापला. आपल्याकडे बारीक अंगातही स्नायू कमी आणि पोटाशी चरबी जास्त असू शकते, म्हणून वजनकाट्याबरोबर कमरेला टेपही लावावी.

जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटं चाललं तरी फरक पडतो. इन्शुलिनचं इंजेक्शन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी मात्र रानात जड कामाला जाताना जपावं. औषध आणि मेहनत दोन्ही एकदम साखर ओढतात आणि आकडा ७० च्या खाली जाऊ शकतो. हात थरथरले, दरदरून घाम फुटला, तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात ढवळून प्यावी. तेवढी पुडी खिशात असू द्यावी.